कराडहून मिरजेला: मीरासाहेबांच्या दर्ग्यात चाचांबरोबर एक शुक्रवार

आमच्याकडं जत्रेलासुद्धा उरूस म्हणतात. लहानपणापासून उरसात पाळण्यात बसलो, भेंडबत्ताशे खाल्ले, पण उरूस म्हणजे लग्न हे मला चाळिशी उलटल्यावर मिरजेत कळलं. अरबीत उर्स म्हणजे लग्न. संत देह सोडतो त्या दिवशी त्याची अल्लाहशी भेट होते, म्हणून त्या दिवशी शोक नाही, सोहळा असतो. सांगितलं ते चाचांनी. चाचा म्हणजे माझ्या वर्गमित्राचे वडील, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मिरजेला ख्वाजा शमना मीरासाहेब या सूफी संतांच्या दर्ग्यात जायचं त्यांच्या मनात होतं, मित्राला रजा नव्हती, म्हणून मी गेलो. आणि दिवसभर त्यांना प्रश्न विचारत राहिलो.

जाणाऱ्यांनी कराडहून रेल्वे धरावी. फक्त स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. रिक्षाचा वेळ धरूनच निघा. किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली आणि मग मिरज. एसटीनं गेलात तर सांगलीला उतरून मिरजेची सिटी बस पकडावी लागू शकते. मिरज स्टेशनवरून दर्ग्याला रिक्षा जाते. ‘मीरासाहेब दर्गा’ एवढं सांगितलं की पुरे.

माझ्या डोक्यात मशीद आणि दर्गा एकच होतं. मशीद म्हणजे नमाजाची जागा, तिथं कबर पूजण्याचा प्रश्नच नाही. दर्गा म्हणजे एखाद्या वलीची, म्हणजे अल्लाहच्या जवळच्या माणसाची कबर. तिला मजार म्हणतात. मजारीवर घालतात ते कापड म्हणजे गलेफ. चादर म्हटलं तरी चालतं. मिरजेच्या उरसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. आपल्या गावांत मानपानावरून किती भांडणं होतात, ती आठवली.

दर्ग्यात चपला बाहेर काढायच्या आणि डोकं झाकायचं. मोठा रुमाल बरोबर न्या. मी विसरलो होतो, चाचांनी त्यांचा दिला. बायकांनी ओढणी किंवा पदर डोक्यावर घ्यावा, आणि आत कुठपर्यंत जाता येतं ते मुजावरांना आधीच विचारावं. मुजावर म्हणजे दर्ग्याची सेवा करणारे. आपल्या भागात हे आडनाव घरोघरी आहे, तसंच मुलाणी, अत्तार, तांबोळी, बागवान, शिकलगार, नदाफ. या प्रत्येक आडनावात एकेक काम आहे. आपण ती हाका मारण्यापुरती वापरतो.

चाचा मजारीपाशी उभे राहिले, दोन्ही तळवे ओंजळीसारखे उघडे धरले आणि ओठांतल्या ओठांत फातिहा पढले. फातिहा हा कुराणातला पहिला अध्याय. अध्यायाला सूरा म्हणतात, ओळीला आयत. पढून झाल्यावर त्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. त्यांनी डोकं मात्र टेकवलं नाही. मी कारण विचारलं. म्हणाले, “सजदा फक्त अल्लाहला, बाळा. हे अल्लाहचे लाडके, पण अल्लाह नव्हेत.” एक अल्लाहशिवाय कुणीही उपासनेला योग्य नाही, याला तौहीद म्हणतात आणि सगळा इस्लाम या एका गोष्टीवर उभा आहे. म्हणूनच दर्ग्यात जाणं कितपत योग्य, यावर मुसलमानांमध्येही मतभेद आहेत. काहीजण येतच नाहीत. चाचांना तेही मान्य आहे, आणि ते स्वतः येतात.

शुक्रवार असल्यानं दुपारी जुम्म्याची नमाज होती. आधी वुजू. नळाशी बसून चाचांनी मनगटापर्यंत हात धुतले, चूळ भरली, नाकात पाणी घेतलं, तोंड धुतलं, मग कोपरापर्यंत हात. ओले हात डोक्यावरून फिरवले आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय, बोटांच्या बेचक्यांतून करंगळी फिरवत. त्यात कसलीच घाई नव्हती. त्यांच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं आणि मला वारीत पंढरपूरला पोचल्यावर चंद्रभागेत उभे असलेले माझे आजोबा आठवले.

फजर, जोहर, असर, मगरीब, इशा या दिवसाच्या पाच नमाजा. रकात म्हणजे उभं राहणं, वाकणं आणि सजदा असं नमाजातलं एक आवर्तन. फर्ज, म्हणजे चुकवायच्याच नाहीत अशा, रकाती अनुक्रमे दोन, चार, चार, तीन, चार. शुक्रवारी जोहरच्या जागी जुम्मा; आधी खुतबा, म्हणजे प्रवचन, आणि मग दोन रकाती. तोंड काब्याकडे, म्हणजे आपल्याकडून साधारण पश्चिमेला. त्या दिशेला किबला म्हणतात. इथं माझी चूक झाली: मी नमाज पढणाऱ्या एकाच्या समोरून निघून गेलो. तसं अजिबात करू नका. मागून जा नाहीतर थांबा. कुणी नमाजात असताना फोटोही काढू नका.

जेवताना विषय जकातीवर आला. कलिमा (म्हणजे श्रद्धेची साक्ष), नमाज, रोजा, जकात आणि हज हे इस्लामचे पाच आधार मला तोंडपाठ होते, पण जकात म्हणजे दानधर्म अशी माझी समजूत होती. चाचा म्हणाले, “दान मनावर असतं, जकात हिशेबावर.” साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर राहिली, तर तिच्यातला अडीच टक्के गरिबाचा वाटा. तो त्याचा हक्क आहे, देणाऱ्याचे उपकार नव्हेत. मनापासून केलेलं वेगळं दान म्हणजे सदका. कंडक्टरकीत तिकिटाचा पैसा न् पैसा जुळवलेला माणूस हे सांगत होता.

दर्ग्याच्या आवारातच किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. तिथं थांबल्याशिवाय येऊ नका. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगापेरुमाळ कोईल या छोट्या स्टेशनवर त्यांना बरं वाटेना. उतरले, नमाज पढली, तानपुरा लावून दरबारी रागात दुआ म्हटली आणि तिथंच गेले, असं सांगतात. देह मिरजेला आणला. उरसात त्यांच्या स्मरणार्थ इथं गाण्याची मैफल होते. त्यासाठी जायचं तर तारीख दरवर्षी नव्यानं विचारा. हिजरी वर्ष चंद्राचं, आपल्या कॅलेंडरपेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळं उरूस दरसाल मागं सरकतो. वेळ असेल तर तानपुरे आणि सतारी बनवणाऱ्यांची दुकानंही पाहा. २०२४ साली इथल्या सतारी-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं.

खाँसाहेबांच्या कबरीपाशीही चाचांनी ओंजळ उघडली. “त्यांच्याकडं काय मागितलंत?” मी विचारलं.

“त्यांच्याकडं नाही. त्यांच्यासाठी मागितलं.”

परतीच्या गाडीत भिलवडी मागं पडली तेव्हा मगरीबची वेळ झाली. गर्दी होती, गुडघे दुखत होते, त्यामुळं चाचा बसूनच पढणार होते. बेसिनवर वुजू करून आले, रुमाल माझ्याकडून परत घेऊन डोक्याला बांधला आणि विचारलं, “पश्चिम कुठल्या अंगाला?” मी डावीकडची खिडकी दाखवली. उसाच्या शेंड्यांवर अजून तांबडं होतं. समोरच्या बाईंनी न सांगता आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.