पहिलं आरसी (रेडिओ कंट्रोल) ट्रेनर विमान: फोमबोर्ड कापण्यापासून पहिल्या चार बॅटऱ्यांपर्यंत

सांगाडा

टोकापासून टोकापर्यंत पंख १२०० मिमी, रुंदी २०० मिमी. म्हणजे क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर. उड्डाणाला तयार वजन ७८० ग्रॅम भरलं, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला ३२-३३ ग्रॅम. शिकण्यासाठी हे छान. वजन १००० ग्रॅमपुढे गेलं की उतरतानाचा वेग नवख्याच्या हाताबाहेर जायला लागतो.

साहित्य ५ मिमी फोमबोर्ड. पंख धडाच्या वर आणि दोन्ही टोकं ५५ मिमी उचललेली, मधल्या सांध्यात इंग्रजी व्ही आकाराचा प्लायवूडचा तुकडा. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) मुद्दाम ठेवलेले नाहीत. टोकं उचललेला पंख नुसत्या रडरवर (शेपटीच्या उभ्या हलत्या फळीवर) कलतो आणि ट्रान्समीटरची काठी सोडली की बराचसा आपणच सरळ होतो. पंख धडाला चिकटवायचा नाही, आठ रबरबँडांनी बांधायचा. आपटल्यावर रबर निसटतं आणि पंख वाचतो.

साधा सायनो (झटपट चिकटणारा) गोंद आतला फोम खातो, फोमसाठीचाच घ्या. ग्लू गन चालते, पण शेपटीकडे हात आखडता हवा. तिथे जास्त पडलेल्या १० ग्रॅम गोंदाचा तोल साधायला नाकात २५ ग्रॅम तरी घालावं लागतं.

मोटर आणि वायरिंग

२२१२ आकाराची १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाचे फेरे) मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा सर्किट), ३ सेलची २२०० एमएएच लिपो बॅटरी, १० × ४.५ इंची प्रॉप (पंखा), ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो (रडर-इलेव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरी). सगळी जुळवाजुळव प्रॉप काढूनच. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा. प्रॉपवरचे आकडे पुढच्या दिशेला यायला हवेत. तो उलटा बसला तरी विमान पुढेच ओढलं जातं, फक्त जोर बराच कमी पडतो, आणि मग दोष बिचाऱ्या मोटरला लागतो.

रडरचा सर्व्हो रिसिव्हरच्या एलेरॉन चॅनलला जोडलाय. वळण त्याच काठीवर शिकलं की पुढे एलेरॉनच्या विमानावर बोटांची सवय मोडावी लागत नाही.

दिशा तपासणी

पहिल्याच फेकीत जमिनीत घुसणाऱ्या विमानांचा दोष बऱ्याचदा टेबलावरच राहून गेलेला असतो. शेपटीमागे उभे राहा, समोरून बघितलं की डावं-उजवं हमखास चुकतं. काठी उजवीकडे नेली की रडरची मागची कड उजवीकडे जायला हवी. काठी स्वतःकडे ओढली की इलेव्हेटर (शेपटीची आडवी हलती फळी) वर. हालचाल इलेव्हेटरला दोन्हीकडे १२ मिमी, रडरला २५ मिमी, एक्स्पो (मध्याजवळ काठी मऊ करणारी सेटिंग) ३० टक्के. काही ट्रान्समीटरवर काठी मऊ करायला अधिक चिन्ह लागतं, काहींवर उणे. अर्धी काठी देऊन डोळ्यांनी खात्री करा.

मग ट्रान्समीटर बंद करून बघा. मोटर थांबलीच पाहिजे. नाही थांबली तर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सेटिंग) पुन्हा लावा, त्याआधी मैदानाचं नावही काढू नका.

तोल

बोटांवर तोलल्यावर गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून ६६ मिमीवर निघाला, म्हणजे रुंदीच्या ३३ टक्क्यांवर. हवा होता ५४ मिमी (२७ टक्के). शिसं चिकटवण्याआधी हिशेब करा: १२ मिमी × ७८० ग्रॅम ÷ बॅटरीचे १८० ग्रॅम = ५२ मिमी. बॅटरी तेवढी पुढे सरकवली आणि काम झालं. नाक थोडं जड असलेलं विमान सुस्त उडतं, पण ऐकतं. शेपूट जड असली की काठीला नुसता स्पर्श झाला तरी नाक उसळतं, ते दाबायला जावं तर खाली सूर मारतं.

मैदान

वारा ताशी १० किमीच्या आत, शक्यतो सकाळी. आधी मोटर बंद ठेवून, उंच गवतावर, वाऱ्याच्या तोंडावर सरळ फेक. नाक वर जाऊन मग पडलं तर तोल मागे आहे किंवा इलेव्हेटर वर आहे. खरी फेक पाऊण थ्रॉटलवर, सोबत्याच्या हातून, नाक क्षितिजाला समांतर. आकाशाकडे फेकलेलं विमान वेग मिळण्याआधीच स्टॉल होतं, म्हणजे पंखाची उचल जाऊन पडतं.

पहिल्या बॅटरीत थ्रॉटल वाढवला की नाक चढत होतं. मोटरच्या वरच्या दोन स्क्रूंमागे एकेक मिमीचा वॉशर घालून शाफ्ट दोनेक अंश खाली झुकवला. दुसऱ्या बॅटरीत ते चढणं जवळजवळ गेलं.

३०-४० मीटर उंची गाठल्याशिवाय ट्रिमला (काठी सोडली तरी विमान सरळ उडावं म्हणून करायच्या बारीक दुरुस्तीला) हात लावू नये. विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं वाटतं. तेव्हा जो पंख खाली गेलाय त्याच बाजूला काठी न्या, जणू त्याला खालून टेकू देताय. वळणात उंची घटली म्हणून कमी वेगात इलेव्हेटर ओढत राहिलं तर एक पंख अचानक गळतो. अशा वेळी काठी ढिली सोडून थ्रॉटल द्या.

टायमर ६ मिनिटांचा होता. नंतर चार्जरने १००० एमएएच परत भरले, म्हणजे मिनिटाला साधारण १६७. बॅटरीचे ८० टक्के (१७६० एमएएच) हीच मर्यादा धरली तर साडेदहा मिनिटं मिळतात, पण टायमर ८ वरच ठेवलाय. उतरायला दुसरी फेरी मारावी लागतेच. चार्जिंग २.२ अँपिअरने, लक्ष ठेवून. आठवडाभर उडवायचं नसेल तर सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवायचे.

सध्याची स्थिती

चार बॅटऱ्या उडून झाल्या. इलेव्हेटरला ट्रिमचे सहा टप्पे वर द्यावे लागले होते. पुशरॉडची लांबी बदलून ट्रिम शून्यावर आणलाय. चौथ्या उतरणीत प्रॉपचं टोक चिरलं, ते चिकटवायचं नाही, नवीनच बसवायचं. याच धडावर आता एलेरॉनवाला, टोकं फक्त २० मिमी उचललेला पंख कापायला घेतलाय.