चार अर्धवट टॉप आणि डिचोलीची मावशी

या मे महिन्यात सुट्टीला गोव्यात, डिचोलीला मावशीकडे आले तेव्हा बॅगेत चार अर्धवट रजया होत्या. वरचे तुकडे जोडून झालेले, पण आत भरण नाही, खाली अस्तर नाही. नऊ वर्षं इंग्लंडात स्विंडनला राहते. तिथे गोवेकर खूप, पण चिंध्या जोडत बसायचं वेड मला तिथल्या शेजारणींनी लावलं.

इंग्लंडात हे काम टप्प्याटप्प्याने चालतं. आधी पाव इंचाच्या शिवणीने तुकडे जोडून ‘टॉप’ करायचा. मग अस्तर, त्यावर बॅटिंग म्हणजे कापसाचा पातळ थर, त्यावर टॉप असं पसरून कच्चे टाके घालायचे, मग तिन्ही थरांतून शिवण आणि शेवटी कडेची पट्टी. पहिला टप्पा रंगांचा, त्यात रात्र कशी जाते कळत नाही. पुढच्या टप्प्याला मात्र डबल बेडएवढी मोकळी जमीन लागते, आणि घरगुती मशीनच्या हाताखालून एवढा गुंडाळा सरकत नाही. बाहेर लाँगआर्म मशीनवर, म्हणजे रजया शिवायच्या मोठ्या मशीनवर, द्यावी तर मजुरी कापडापेक्षा जास्त. म्हणून टॉप कपाटात साठत जातात. तिथल्या बायका अशा राहून गेलेल्या कामांना यूएफओ म्हणतात, ‘अनफिनिश्ड ऑब्जेक्ट’.

कापड मी जवळजवळ सगळं चॅरिटी शॉपमधून, म्हणजे लोकांनी दान केलेल्या वस्तूंच्या दुकानांतून आणते. नवं क्विल्टिंगचं कापड फॅट क्वार्टर म्हणून १८ बाय २२ इंचांच्या तुकड्यात मिळतं आणि रजईभर घ्यायचं तर खिशाला झेपत नाही. त्यापेक्षा पुरुषांचा मोठ्या मापाचा सुती शर्ट घ्यावा. पाठीचा भाग आणि दोन्ही बाह्या उसवल्या की भरपूर सपाट कापड निघतं, आणि दहा-बारा वर्षं धुतलेल्या सुताचा मऊपणा नव्या कापडाला नसतो. अस्तरासाठी डबल दुलईची खोळ उत्तम. दोन मीटर चौरस, मध्ये जोड नाही, आणि एका खोळीत दोन अस्तरं. फक्त लेबल बघायचं, कारण बऱ्याच खोळी अर्ध्या पॉलिएस्टरच्या असतात. लेबल कापलेलं असेल तर एक धागा काढून पेटवा. सूत कागदासारखं जळून भुरभुरीत राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. कापड उजेडासमोर धरून विरलंय का तेही बघा.

लाल कापडाची मला अजून धास्ती आहे. सेकंडहँड लाल पडदा न धुता वापरला आणि पहिल्याच धुण्यात अख्खी पांढरी रजई गुलाबी झाली. चार महिन्यांचं काम होतं, रडले होते मी. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो असं आपण ऐकत आलोय, पण तयार कापडाचा सुटणारा रंग त्याने थांबेलच असं नाही. आता ओला पांढरा रुमाल घासून बघते. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाजूला.

मावशीने चारही टॉप खाटेवर पसरले, उलटसुलट पाहिले. “वरून सुंदर आहे गो, पण पांघरणार काय?”

मावशी वाकळ शिवते त्यात टॉप नावाची पायरीच नाही. खाली अस्तर, त्यावर जुनी सुती लुगडी पसरलेली. अस्तराची कड आत दुमडून ती शिवायला बसते आणि प्रत्येक तुकड्याची कड दुमडत, धावदोऱ्याने सगळ्या थरांतून तो तिथल्या तिथे शिवते. कडेवरून फिरत फिरत आत. तुकडा जोडला जातो त्याच टाक्याने रजईही शिवली जाते, आणि मधोमध पोचलं की काम संपलं. गोव्याच्या सीमेपलीकडे, कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या रानात सिद्दी बायका अशाच रजया शिवतात, त्यांना कवंदी म्हणतात. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची फुलं लावल्याशिवाय त्या कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले गुलाम. पोर्तुगीजांच्या गोव्यातून पळून कित्येक जण त्या रानात गेले. हे आठवलं की ते दुमडलेलं फूल मला फार मोठं वाटतं.

पहिला टॉप मी मावशीसारखाच कडेने शिवत आणला आणि फसले. आधीच जोडलेला टॉप जागेवर बसतो तसा बसतो, त्यात कमी-जास्त करता येत नाही. सगळा ढिलेपणा आत सरकत गेला आणि मध्ये वाटीएवढा फुगवटा आला. मावशीने कात्री घेतली, मधली शिवण बोटभर उसवली, जास्तीचं कापड चुणीत घेतलं आणि वर तिच्या जुन्या परकराचा निळा चौकोन बसवला. आता त्या रजईत सगळ्यांची नजर आधी त्या निळ्या चौकोनावरच जाते. दुसऱ्या टॉपला मधून बाहेर कच्चे टाके घातले आणि मगच शिवलं, तो सरळ उतरला. तिसरा मी सरळ उसवला आणि त्याचे तुकडे मावशीच्या पद्धतीने कडेपासून लावले. दुपारी तीन ते दिवेलागणीपर्यंत, दोघी दोन बाजूंनी, बावीस दिवस.

तुकडे कमी पडले म्हणून एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो, तर कापड मिळालं ते बाजारात नव्हे, जवळच्या एका ब्लाउज शिवणाऱ्या टेलरकडे. टू बाय टू रुबियाची, म्हणजे ब्लाउजच्या पातळ कापडाची कात्रणं, हव्या त्या रंगाची, वितभर लांब पट्ट्या. तो ती कचऱ्यात टाकणार होता. पैसे घेईना, म्हणून मावशीने घरच्या आंब्यांची पिशवी दिली. रुबिया शर्टाच्या कापडापेक्षा पातळ, म्हणून मी दुहेरी घालून लावला. ब्लाउजच्या अस्तराचे तुकडेही देत होता, पण ते एका धुण्यात आटतात. आधी भिजवून घेतल्याशिवाय लावू नका.

सगळं धुऊन अंगणात वाळत टाकलं, शेजारी चटईवर भिरंडांची, म्हणजे कोकमांची सोलं. पुरमेताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवण करायचे दिवस, पाऊस लागला की जाड कापड आठवडाभर वाळत नाही आणि घडीत बुरशी धरते. तीन रजया उन्हं खाऊन आत गेल्या. एक मावशीकडे ठेवली, निळ्या चौकोनाची. चौथा टॉप परत बॅगेत आहे, त्याच्यासोबत दीड किलो रुबियाची कात्रणं आणि मावशीची जाड सुई.