कुलूपबंद ट्यूनची सेकंडहँड व्हेंटो : माझा अनुभव

सेकंडहँड गाडी घेताना आपल्याकडे टायर, क्लच, पत्र्यावरची रंगरंगोटी सगळं ठोकून बघतात. ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, काय भरलंय हे मात्र कुणी विचारत नाही. मी चाळीसगावात घेतलेल्या व्हेंटो 1.6 टीडीआयबद्दल विकणाऱ्याने ‘रिमॅप केलेली आहे’ एवढंच सांगितलं, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूतली कंपनीची फाइल, तिच्यातले डिझेल-हवेचे तक्ते (मॅप), बदललेले. कोणी केला, किती केला, याचा कागद नव्हता. कंपनीतून हे इंजिन 105 पीएस ताकदीचं आणि 250 न्यूटन मीटर टॉर्कचं यायचं. माझी गाडी त्याहून जास्त ओढत होती, हे कन्नड घाट चढतानाच कळलं. धुळ्याच्या जुन्या मेकॅनिकदादांनी चक्कर मारून सांगितलं, “गाडी भलती पयस (पळते) भाऊ, पन चढावर धूर काढस.”

आतली फाइल वाचून बघावी म्हणून जळगावला एका ट्यूनिंगवाल्याकडे गेलो. ईसीयू ओबीडी सॉकेटमधून (गाडीला स्कॅनर जोडायची जागा) वाचता येईना, आणि तो काढून टेबलावर वाचायचा प्रयत्नही फसला. आधीच्या ट्यूनरने पासवर्ड टाकून वाचन बंद केलं होतं. आपली मेहनत दुसऱ्याने उचलू नये म्हणून ट्यूनर असं करतात, आणि त्यांचं ते कारण मला पटतं. पण गाडी ज्याच्या नावावर आहे, त्याला निदान काय बदललंय याची यादी मिळायलाच हवी, यावर मी ठाम आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पैसे इथेच वाया जातात. काही टूल ‘व्हर्च्युअल रीड’ करतात. म्हणजे ईसीयूचा फक्त सॉफ्टवेअर नंबर विचारतात आणि त्या नंबरची कंपनीची मूळ फाइल आपल्या साठ्यातून आणून देतात. ट्यूनर बहुतेक वेळा नंबर तसाच ठेवतो आणि आतले मॅप बदलतो. त्यामुळे हातात आलेली फाइल स्वच्छ दिसते, आणि गाडीत काय आहे ते कळतच नाही. मला तशी फाइल दाखवून ‘रिमॅप नाहीच’ असंही एकाने सांगितलं होतं.

मग ध्यानात आलं की कुलूप फाइल वाचण्यावर आहे, इंजिनाच्या चालण्यावर नाही. ईसीयू दर क्षणी किती बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) मागतो, किती मिळतो, किती डिझेल सोडतो, हे स्कॅनरला सांगतच असतो. मित्राची तशीच, हात न लावलेली व्हेंटो मागून घेतली. पहाटे धुळे रस्त्याचा रिकामा पट्टा, तिसरा गिअर, 1500 आरपीएमपासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. पुतण्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसला. दोन्ही गाड्यांचे लॉग, म्हणजे या आकड्यांच्या नोंदी, शेजारी ठेवले. (बूस्टचा आकडा निरपेक्ष दाबाचा असतो. टर्बोने स्वतः किती भर घातली हे बघायचं, तर वातावरणाचे साधारण 1000 मिलिबार वजा करायचे.)

माझी गाडी मधल्या आरपीएमला जास्त बूस्ट मागत होती आणि तो थोडा उशिरा मिळत होता. डिझेल मात्र हवेची वाट न बघता आधीच वाढलेलं. दादांना दिसलेला धूर हाच : स्मोक लिमिटर, म्हणजे हवेच्या मानाने डिझेल रोखणारी मर्यादा, सैल केला होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह, जो प्रदूषण कमी करायला थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडतो. मित्राच्या गाडीत संथ चालीला तो उघडायचा, माझ्या गाडीत कधीच उघडला नाही. तरीही फॉल्ट कोड (ईसीयूने नोंदवलेला बिघाड) एकही नाही. कोडसुद्धा फाइलमधूनच दाबून टाकले होते.

जळगावच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. अशा हवेत जास्त डिझेल म्हणजे एक्झॉस्ट आणि टर्बो आणखी तापणार. त्यात मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52 आणि विमा कंपनीचा प्रश्न. मी मूळ फाइल परत टाकायचं ठरवलं.

वाचन बंद असलं तरी पुष्कळदा वरून लिहिता येतं, तसं माझ्या गाडीत आलं. इथे मात्र ‘व्हर्च्युअल रीड’वाली फाइलच कामाची ठरते, फक्त हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर अक्षरशः जुळले पाहिजेत. लिहिताना बॅटरीचा व्होल्टेज पडला तर ईसीयू बंद पडू शकतो. म्हणून बॅटरीला चार्जर लावला आणि चार्जर इन्व्हर्टरवर घेतला. आपल्याकडच्या विजेवर हे काम सोपवू नका.

फाइल बसली आणि थोडं चालवल्यावर इंजिनचा दिवा लागला : पी 0401, म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी. आधीच्या मालकाने ईजीआर का बंद करून घेतला, ते आता उघड झालं. व्हॉल्व्ह काजळीने गच्च भरला होता. दादांनी तो उतरवून साफ केला, कोड पुसला आणि आम्ही त्याच पट्ट्यावर पुन्हा लॉग घेतला. बूस्ट, डिझेल आणि ईजीआरच्या रेषा मित्राच्या गाडीशी जुळल्या. घाटात आता एक गिअर खाली टाकावा लागतो आणि मागे धूर दिसत नाही.