मारव्यातला षड्ज

"इतका हात आहे, मग सोलो का नाही वाजवत?" हा प्रश्न मला गेली पंचवीस वर्षं विचारला जातोय. कार्यक्रमानंतर पेटी मिटताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा धरून विचारलं. मी हात जोडतो आणि म्हणतो, "आपण साथीदार, आपली जागा मागे." लोकांना हे फार आवडतं. "किती नम्र!" म्हणतात. त्या 'नम्र'चा आता वैताग आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी मी वाद्यावर ढकलायचो. पेटीत मींड निघत नाही, दोन स्वरांच्या मधली जागा हाती लागत नाही, १९४० साली रेडिओने पेटी बंद केली ती काय उगाच? समोर कुणी जाणकार असला की विचारायचा, मग पेटीवरच नाव कमावलेले गोविंदराव टेंबे काय वाजवत होते? पी. मधुकर? बरोबर आहे. दोष पेटीचा नाहीच.

डिसेंबर १९९८. गावाचं नाव सांगत नाही, ज्यांना साथ करत होतो त्या गायक बुवांचंही नाही. बुवा तेव्हा सत्तरीचे, पट्टी काळी एक, म्हणजे त्यांचा षड्ज, त्यांचा सा, पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. संध्याकाळची बैठक, दोन-अडीचशे माणसं, आणि राग मारवा. मारव्यात सगळा खेळ कोमल रिषभ आणि धैवताचा. षड्ज टांगून ठेवायचा. तंबोऱ्यात तो वाजत असतो, गळ्यात मात्र येत नाही, आणि ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होत राहतो. बुवा यात वस्ताद होते.

धैवतावरून निषाद, तिथून रिषभावर आले आणि थांबले. डोळे मिटलेले. श्वास घेतला, पुन्हा रिषभ. सर्दी झालेली होती, सूर किंचित थरथरत होता. माझं बोट काळी एकवर टेकलेलं. माझ्या पेटीची ती पट्टी वाजवून वाजवून मधोमध झिजली आहे, बोट आपोआप त्या खळग्यात बसतं. मी वाट बघत होतो. बुवा येईनात. आणि मी दाबली. हलकेच नाही, भाता भरून.

समोरून "वा!" आली. माझ्याकडे बघून.

बुवांनी डोळे उघडले. माइकपासून तोंड वळवलं आणि अगदी हळू म्हणाले, "पोचलात ना तुम्ही? मग मी कशाला येऊ आता?" रागावले असते तर बरं झालं असतं. हसत होते. पुढे तासभर गायले, चांगले गायले. पण षड्जाजवळ आले की दर वेळी माझ्याकडे बघून मान किंचित झुकवायचे. या, म्हणून. दाराशी पाहुण्याला आधी आत सोडतात तसं. रात्री बिदागीचं पाकीट स्वतः हातात दिलं, "प्रवास जपून करा" म्हणाले. मी "हो" म्हटलं. माफी मागायला तोंड उघडलं नाही. चार वर्षांनी बुवा गेले.

यापेक्षा वाईट पुढे आहे. त्या बैठकीची कॅसेट मी जपून ठेवली, आणि शिष्यांना ऐकवायचो. "इथे बुवांचा सूर डगमगला, बघा कसं सावरलं." 'वा' आली की बंद करायचो. एकदा बंद करायला उशीर झाला आणि एका चौदा वर्षांच्या मुलीने विचारलं, "सर, बुवा मध्येच का थांबले?" टेपमध्ये बुवांचं वाक्य नाही, तोंड वळवलं होतं ना. ते ऐकलेला माणूस मी एकटाच.

तेव्हाचा मी अजून भांडतो माझ्याशी. म्हणतो, सूर हलत होता की नाही? साथीदाराने सावरायचं नाही तर कुणी? हलत होता, मान्य. पण सावरायचंच होतं तर रिषभ धरायचा होतास, दबक्या हाताने. ते तुला त्या क्षणीही माहीत होतं. तुला दाद हवी होती.

म्हणजे सोलो न वाजवणं हे प्रायश्चित्त? असं म्हणायला मला आवडेल, पण तसं नाही. २००९ साली एकदा वाजवला. यमन, चाळीस मिनिटं. दर आवर्तनात मी कुणाची तरी वाट बघत होतो. उत्तरं सगळी तयार होती, विचारणारं कुणी नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी घरी येऊन जेवलो नाही. तेव्हापासून मागे बसतो, आणि खरं सांगायचं तर इतका मागे बसतो की लोकांनी ते बघावं. अहंकार गेला नाही, बैठक बदलून बसला.

गेल्या महिन्यात एका तरुण गायिकेला साथ होती. तिने मारवाच धरला. रिषभावर थांबली, लांब थांबली. मी बोट पट्टीवरून उचललं. ती आपली आपण षड्जावर उतरली आणि 'वा' आली, तिला. मला हेवा वाटला, चांगला सणसणीत.

नंतर पाया पडून म्हणाली, "काका, किती जागा दिलीत मला."

मी हात जोडले. म्हटलं, "आपली जागाच मागे."