बामणोलीची थंडी खालून येते

गेल्या डिसेंबरात सातारा जिल्ह्यात कोयनेच्या जलाशयाकाठी असलेल्या बामणोलीजवळ एका आबांच्या शेतात हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायचा कापडी बिछाना, बांधून झोपलो आणि रात्री अडीच वाजता उठून त्यांच्या गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून बसलो. अंगावर स्लीपिंग बॅग, आत स्वेटर, डोक्याला कानटोपी. छाती ऊबदार, पाय ऊबदार, पण पाठ आणि कंबर ओल्या फरशीवर टेकल्यासारखी गार. या जानेवारीत त्याच शेतात, तीच स्लीपिंग बॅग घेऊन झोपलो तो थंडीनं एकदाही जाग आली नाही. मधल्या महिन्यात मोठा बदल एकच केला होता. जी ऊब अंगावर घेत होतो ती अंगाखाली नेली.

साताऱ्याहून निघालं की यवतेश्वरचा घाट चढून कासचं पठार लागतं. पठार साधारण १२०० मीटर उंचीवर. फुलांचा हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर, त्यामुळे जानेवारीत नुसतं पिवळं, करकरीत वाळलेलं गवत आणि काळा कातळ. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर हे पठारही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. इथे मातीचा थर इतका पातळ आहे की मोठी झाडं फारशी नाहीतच, आणि जी आहेत त्यांना कुणी दोरी लावू नये असं मला मनापासून वाटतं. सातारकरांना पाणी देणारा कास तलाव मागे टाकला की रस्ता उतरायला लागतो, आणि वळणावळणाने शिवसागर दिसू लागतो. कोयना धरणाचं हे पाणी साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे पठारावरून आपण पाचशे-साडेपाचशे मीटर खाली येतो. पलीकडच्या काठाला कोयना अभयारण्य आणि वासोटा किल्ला. वासोट्याला दिवसा लाँचने जाऊन दिवसाउजेडी परतायचं असतं. अभयारण्यात मुक्काम करता येत नाही. म्हणून मुक्काम अलीकडच्या काठाला, मालकाला विचारून, त्याच्या शेतात. गव्यांची ये-जा कोणत्या बाजूने असते हे मालकालाच ठाऊक असतं, आणि ते विचारल्याशिवाय मी झाड निवडत नाही.

डिसेंबरात मी ओढ्याकाठची दोन जांभळीची झाडं निवडली होती. जागा फार देखणी होती. आबा संध्याकाळी येऊन माझी तयारी बघून गेले, काही बोलले नाहीत. रात्री मी गोठ्यापाशी बसलेला दिसलो तेव्हा आतून घोंगडं घेऊन आले. मी ते अंगावर ओढायला लागलो तसे म्हणाले, "आरं लेका, तान्ह्या पोराच्या झोळीत बी आदी खाली वाकाळ घालत्यात. तू समदं वरनंच घ्येतलंयस. गारठा खालनं येतोय न्हवं?"

ऊसतोडीच्या फडाशेजारी, बाभळीच्या सावलीत बांधलेल्या लुगड्याच्या झोळ्या मी लहानपणापासून पाहत आलोय. बाळाच्या खाली चौघडी केलेली वाकळ असते, हेही पाहिलेलं. पण विकत आणलेल्या नायलॉनच्या हॅमॉकला झोळी म्हणायचं मला सुचलंच नव्हतं.

कारण साधं आहे. वाकळ, रजई, स्लीपिंग बॅग यातलं काहीच स्वतः गरम नसतं. त्यांच्या भरणात अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. झोळीत आपण आडवे झालो की स्लीपिंग बॅगचा खालचा भाग आपल्याच वजनाने चपटा होतो, हवा निघून जाते, आणि पाठ व बाहेरचा वारा यांच्यामध्ये उरतं दोन-तीन पदर पातळ कापड. जमिनीवर तंबूत झोपलं तर खालची माती निदान स्थिर असते. झोळीखालून वारा सतत वाहतो, आणि पाठीने जेवढी हवा गरम करावी तेवढी तो घेऊन जातो. १८-२० अंशालाही पाठ गारठते ती यामुळेच. म्हणून वरच्या पांघरुणावर कितीही पैसे घाला, खालची बाजू उघडी असेल तर झोप नाही.

खाली घालायला सगळ्यात सोपी आणि स्वस्त म्हणजे फोमची चटई. फोमच्या बंद बुडबुड्यांतली हवा वजनाखालीही बरीचशी टिकते. मी परतल्यावर घराच्या गच्चीत ती घालून दोन रात्री झोपून पाहिलं. पाठ वाचली, पण झोळीचं कापड खांद्यांना दोन्ही बाजूंनी कवटाळतं आणि चटई तेवढी रुंद नसते, त्यामुळे दंड गार पडले. शिवाय कूस बदलली की ती सरकते. दोन पदरी हॅमॉक असेल तर दोन पदरांच्या मध्ये चटई घालावी, कमी हलते. पहिल्यांदा जाणाऱ्याने चटईच घ्यावी, तीच योगासनाला आणि तंबूतही चालते. पण थंडीच्या दिवसांत नेहमी जाणार असाल तर उत्तर वेगळं आहे: झोळीच्या आत काही न घालता बाहेरून, खालच्या अंगाला लटकवलेली दुलई. तिला अंडरक्विल्ट म्हणतात. ती आपल्या वजनाखाली येतच नाही, म्हणून चपटीही होत नाही.

तयार अंडरक्विल्ट महाग. पिसांची असेल तर फारच हलकी आणि गरम, पण पिसं ओली झाली की गोळा होतात आणि ऊब संपते. शिवसागराच्या काठी पहाटे जे दव पडतं ते पाहता मी पिसांच्या वाटेला गेलो नाही. घरातली जुनी वाकळ लटकवून पाहिली. सुती असल्याने जड, आणि दव पिऊन आणखी जड. घोंगड्याचा विचार सगळ्यात जास्त केला. लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही, आणि माणदेशी घोंगडं वारा चांगलाच अडवतं. पण माझ्याकडचं घोंगडं अडीच किलोचं निघालं. गाडीवर नेणार असाल तर जरूर न्या, पाठीवर घेऊन चढणार असाल तर नको. शेवटी घरातली एसीत वापरायची कृत्रिम धाग्याची हलकी रजई उचलली आणि साताऱ्याच्या खण आळीतून विंडचीटरचं पातळ नायलॉन कापड आणलं. ओळखीच्या शिंप्याने ते रजईला बाहेरून लावून दिलं, चारी कडांना नेफा शिवला, लांबीच्या बाजूच्या नेफ्यांतून गोल इलॅस्टिक दोरी ओवली. आखूड बाजूंच्या नेफ्यांतली नाडी ओढली की दोन्ही टोकांना चुण्या पडून दुलई पन्हळीसारखी होते. शिंप्याने दोनदा विचारलं, हे नक्की कुणाच्या अंगाला बसवायचंय. मी झोळीचा फोटो दाखवला तेव्हा त्यांनी आपणहून नेफ्याच्या टोकाला दुहेरी शिवण मारली. ती शिवण अजून जशीच्या तशी आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी मित्राला बरोबर घेऊन पुन्हा बामणोली. या वेळी ओढा सोडला. दर हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्यात दव गोठल्याच्या बातम्या येतात, तेव्हा बाजारपेठेत पारा शून्याच्या बराच वर असतो. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री जमीन आपली ऊब आभाळाला देऊन टाकते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून खळग्यात जाऊन साचते. ओढा म्हणजे त्या हवेचीही वाट. त्या रात्री मुद्दाम छोटा तापमापक घेऊन दोन्हीकडे गेलो. पहाटे साडेपाचला ओढ्यात ८ अंश आणि वरच्या बांधावर ११. पन्नास पावलांचा फरक.

बांधावर आंब्याची दोन झाडं, साधारण चौदा फुटांवर. आधी वर पाहिलं: वाळलेली फांदी नाही, तांबड्या मुंग्यांचं पानं चिकटवून केलेलं घरटं नाही. बुंधा मांडीएवढा तरी जाड हवा. पांगारा, शेवगा असली ठिसूळ झाडं मी धरतच नाही. झाडाला कधीही बारीक दोरी थेट बांधू नये, ती सालीत रुतते. निदान इंचभर रुंदीची पॉलिस्टरची पट्टी वापरावी, गाडीच्या सीटबेल्टसारखी. नायलॉनची पट्टी ताणत जाते आणि झोपेत माणूस जमिनीला टेकतो.

बांधताना सगळे एकच चूक करतात, मीही वर्षभर करत होतो: झोळी ताठ ओढायची. दिसायला व्यवस्थित, झोपायला वाईट, आणि दोरीवर भयंकर ताण. पट्टी जमिनीच्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक टोकावर साधारण तुमच्या वजनाइतकाच भार येतो. ७० किलोच्या माणसाला ७० किलो. हाच कोन १० अंशांवर आणला की एकेका टोकावर दोनशे किलोचा भार. झोळीला छान झोळ हवा. झोळ असला की तिच्यात तिरकं झोपता येतं, डोकं एका बाजूला आणि पाय दुसऱ्या, आणि मग पाठ जवळजवळ सपाट राहते. केळ्यासारखं वाकून झोपावं लागत नाही. दर वेळी कोन मोजायला नको म्हणून झोळीच्या दोन टोकांमध्ये एक न ताणणारी दोरी कायमची बांधून ठेवावी, तिची लांबी झोळीच्या लांबीच्या ८३ टक्के. माझी झोळी ११ फुटी, दोरी ९ फूट दीड इंच. मग झाडं जवळ असोत की लांब, झोळ तोच. घेताना दहा फुटांपेक्षा आखूड हॅमॉक घेऊ नका, त्यात तिरकं झोपणं जमतच नाही.

दुलई लटकवण्यात खरी कसरत आहे. ढिली राहिली तर झोळी आणि दुलई यांच्यामध्ये पोकळी पडते आणि तिच्यातून वारा खेळतो. घट्ट ओढली तर दुलई झोळीवर दाबली जाऊन पुन्हा चपटी. मी आत झोपलो, मित्राने दोहोंच्या मधून हात घातला. पाठीखाली हात अलगद टेकला पाहिजे, पण दाबून सारावा लागता कामा नये. चार-पाच वेळा नाडी कमी-जास्त केली तेव्हा जमलं. खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत झाकलं तरी बरंच काम होतं, पोटऱ्यांखाली मी घडी केलेलं पोतं घातलं.

वर ताडपत्री बांधली. पाऊस नसताना ती कशाला, असं मित्राला वाटत होतं. उघड्या आभाळाखाली अंगाची ऊबही आभाळाकडे जाते, आणि दव थेट पांघरुणावर पडतं. ताडपत्रीने दोन्ही थांबतं. शिवसागराकडून येणाऱ्या वाऱ्याच्या बाजूला ती झोळीच्या खालपर्यंत उतरवली.

स्लीपिंग बॅग घेताना लेबलवरचा सगळ्यात छोटा आकडा पाहून घेऊ नका. कम्फर्ट असं लिहिलेला आकडा पाहा, लिमिट हा अंग मुडपून झोपणाऱ्या पुरुषासाठी धरलेला असतो आणि एक्स्ट्रीम तर नुसतं जीव वाचण्यासाठी. झोळीत चेन लावत बसण्यापेक्षा ती उघडून, पायाशी तेवढी बंद ठेवून, गोधडीसारखी पांघरलेली बरी.

संध्याकाळी पोचल्यावर घामाचा बनियन बदलला, झोपायचे कोरडे मोजे वेगळे ठेवले. आजींनी नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी वाढली. निजण्याआधी साताऱ्याहून आणलेले दोन-दोन कंदी पेढे खाल्ले. पचनाचं काम चालू राहिलं की अंगात ऊब टिकते. स्टीलच्या बाटलीत चुलीवरचं गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, तिला मोजा चढवला आणि मांड्यांच्या मध्ये ठेवली. तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात, पाय आपोआप गरम होतात. तोंड पांघरुणात घेतलं नाही. श्वासातली वाफ आत साठली की पहाटे सगळं दमट होतं, म्हणून नाकापर्यंत मफलर आणि वर कानटोपी.

मग पाण्यावरून टिटवीचा आवाज आला एवढं आठवतं. साडेपाचला गजर लावून तापमान बघायला उठलो, परत आलो तेव्हा झोळी अजून उबदार होती. पुन्हा जे झोपलो ते उन्हं बांधावर येईपर्यंत.

आबा चहा घेऊन आले होते. ताडपत्रीच्या आतून पाण्याचे थेंब लोंबत होते, खाली झोळी कोरडी. मी बाहेर आलो तसा त्यांनी पेला माझ्या हातात दिला, वाकले आणि रात्री मित्राने घातला होता तसाच हात झोळी आणि दुलई यांच्यामध्ये सारला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"अजून गरम हाय की रं," म्हणाले, आणि घराकडे वळून आजींना हाक मारली, "अगं ए, हिकडं ये. हात घालून बघ जरा."