बाकी एक

इंदुरात राजवाड्यापाशी दुपारी कचोरी खाल्ली. सुट्ट्यात दहाची एक नोट आली, कोपऱ्याला चटणीचा डाग. नव्या नोटांवर आकडे डावीकडून उजवीकडे फुगत जातात, तसे ते फुगत गेलेले: २८५७१४. मी नोट उन्हात धरून उभाच राहिलो. कचोरीवाला दुखावला. "भिया, नोट एकदम असली है."

असली तर आहेच. लोक ७८६ शोधतात, मी हे शोधतो.

खोड आजोबांची. मे महिन्यात रामबागेतल्या घरी आम्ही पोरं जमलो की दुपारी त्यांना झोप मिळेना. मग त्यांनी खडू दिला आणि ओसरीची फरशी. "एकाला सातानं भाग. पूर्ण भाग गेला की मला उठव." आतेभाऊ मोठा, म्हणून त्याला सतरा. पंचा तोंडावर घेऊन आजोबा आडवे झाले.

मी भागत सुटलो. बाकी तीन, बाकी दोन, सहा, चार, पाच, एक. पुन्हा तीन. फरशी संपली, पायरी संपली, तुळशीपर्यंत आलो. वर भागाकारात १४२८५७, १४२८५७, मालगाडीच्या डब्यांसारखे. आपण फसलो हे कळायला मला तुळस लागली. आतेभावाची गाडी सोळा आकड्यांनी वळते, त्यामुळे त्याला कळलंच नाही. संध्याकाळी आत्यानं सडा घातला तेव्हा तो फाटकाशी होता आणि रडला.

चहा पिताना आजोबांनी पुढचं दाखवलं. १४२८५७ ला दोनानं गुण: २८५७१४. तिनानं: ४२८५७१. सहापर्यंत तीच सहा मंडळी. पंगतीत पहिल्या पाटावर कोण, एवढंच बदलतं. शेजार मोडत नाही. सातानं गुणलं की सगळे नऊ, ९९९९९९. नऊंची ती रांग बघून मला का कोण जाणे, घरात कुणी राहिलं नाही असं वाटलं होतं.

देवळालीचे कापरेकर मास्तर हे आजोबांचं दैवत. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे तुकडे करून मिळवा, पुन्हा १४२८५७. अशा संख्यांना कापरेकरांचंच नाव आहे. "आपला माणूस!" आजोबा म्हणत. महाराष्ट्रात काही चांगलं झालं की ते आपलं, वाईट झालं की 'तिकडच्यांचं', हा आमच्या घरातला नियम.

सात, सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस. एकाला भागताना अशी पुरती फेरी, म्हणजे साताला सहा आकड्यांची, सतराला सोळा, मारायला लावणाऱ्या मूळ संख्या कुठं तरी संपतात की चालूच राहतात, हे अजून कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही. म्हणजे आजोबांना अजून बरीच पोरं गुंतवता आली असती.

तर ती नोट. पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवली, बायकोला सांगितलंही. "बरं," ती म्हणाली. परवा कप्पा उघडला तर रिकामा. ई-रिक्षावाल्याकडे सुट्टे नव्हते म्हणे.

एका मालिकेत अशा सहा नोटा निघतात. पाच असतील कुठं तरी.