रूसिया अपडेट: पाल अखेर कॅमेऱ्यात, पण शेजारचं फूल मुंग्यांनी लिंपलं

आली एकदाची! निळ्या शेपटीची दिनचर पाल मॉरिशसच्या डोंगरातल्या रूसिया या झुडपाच्या फुलात डोकं खुपसून मध चाटतेय, अशी स्वच्छ फ्रेम काल ट्रॅप कॅमेऱ्याच्या कार्डवर सापडली. पुढच्या फ्रेममध्ये डोकं बाहेर आणि कपाळाला पराग चिकटलेले. किती वेळ नुसता बघत बसलो होतो.

कॅमेरा आपोआप सुरू करणाऱ्या पीआयआर सेन्सरचा नाद सोडल्यावरच हे जमलं. तो उष्णतेतला फरक ओळखतो, त्यामुळे सह्याद्रीत बिबट्या-सांबर टिपणाऱ्यांना ठीक. पाल थंड रक्ताची, तिचं अंग आसपासच्या पानांइतकंच तापतं. सेन्सिटिव्हिटी वाढवली की ऊन-वाऱ्यात हलणाऱ्या पानांनीच कार्ड भरतं. आता सरळ टाइमलॅप्स, दर १० सेकंदांना एक फ्रेम, फक्त दिवसा. ट्रॅप कॅमेऱ्याचा फोकस फिक्स असतो, म्हणून पुढे क्लोजअप भिंग चिकटवलंय. बॅटरीत मात्र काटकसर करू नका. लिथियम एए घ्या. मॉरिशसच्या या माथ्यावर वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सिलिका जेलची पुडीही दर फेरीला बदलावी लागते.

आता खरं दुखणं. त्याच फांदीवर हातभर अंतरावर दुसरं फूल आहे. पहिल्या दिवशी छान उघडं, जाड पाकळ्या मागे वळलेल्या. मग देठाशी मातीचा बारीक पट्टा दिसायला लागला, आणि बघता बघता फुलाचं तोंड लिंपलं गेलं. हे काम टेक्नोमायरमेक्स अल्बिपेस या बाहेरून आलेल्या मुंगीचं. फुलात पिठ्या ढेकूण बसतात, त्यांचा गोड स्राव मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्यांच्यावर हे मातीचं छप्पर. एका फ्रेममध्ये पाल या फुलाच्या कडेला पोचलेली दिसते, नंतरच्या फ्रेममध्ये मान मागे, आणि त्यानंतर फांदी रिकामी.

हॅन्सन आणि म्युलर या संशोधकांनी २००९ मध्ये हेच मांडलं होतं: रूसियाचं परागण आणि बीजप्रसार, दोन्ही कामं याच पालीवर अवलंबून, आणि मुंग्या दोन्ही मोडतात. वाचलं होतं, पण स्वतःच्या कार्डवर बघताना पोटात कालवलं. अख्ख्या जगात रूसिया या वंशातली ही एकच प्रजाती, तीही फक्त या बेटावरच्या डोंगरी ओल्या जंगलात. जागा कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, समजून घ्या.

मुंग्यांचा बंदोबस्त करा, असं कुणीतरी सुचवेलच. परवानगी फक्त कॅमेरा लावायची आहे, झाडाला हात लावायची नाही, आणि ते योग्यच आहे. खोडाला चिकटपट्टी गुंडाळली तर पालच चिकटायची. विषारी आमिष तर नकोच.

म्हणून आधी ठरवलं होतं की कॅमेरा आता फळांकडे वळवायचा. पिकल्यावर त्यांतून बुळबुळीत गर येतो, त्यात बारीक बिया असतात, आणि पाल तो चाटते. पण हे लिहितानाच वाटतंय, फळं थांबू देत. कळी असल्यापासून लिंपण पूर्ण होईपर्यंत सलग टाइमलॅप्स मिळाला, तर मुंग्या नेमक्या कधी चढतात, पालीला किती वेळ मोकळा मिळतो, हे कळेल. उद्यानातल्या लोकांना माझ्या देखण्या फ्रेमपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

आणि दुसरा कॅमेरा? मागे वाक्वा या झाडांची दाट जाळी आहे, आपल्या केवड्याच्याच कुळातली. या पालींचा मुक्काम अशाच झाडांत असतो. तो तिकडे रोखतो, म्हणजे पाल फुलाकडे कुठून येते ते दिसेल.

अडचण एकच: मुंग्या रात्री काय करतात ते बघायचं तर आयआर (इन्फ्रारेड) फ्लॅश इतक्या जवळून सगळं पांढरं करून टाकतो. फ्लॅशवर ट्रेसिंग पेपर किंवा टेपचे थर लावून कुणी जवळचं शूटिंग केलंय का? किती थर लागले, तेवढं कळवा.